गाणारीचं नाव, गाव, तालुका

हा भाग ज्यांनी ऐकला नाही, किंवा बसमध्ये अर्धाच ऐकून झोपले, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना जे राहून गेलं तेही इथे घातलं आहे, त्यामुळे ऐकलेल्यांनीही वाचायला हरकत नाही.

आजचा विषय आहे नाव. पुस्तकाच्या कव्हरवरचं नाही. आत, तळटिपेत, नोंदीच्या रकान्यात, डेटाबेसच्या कॉलममध्ये जे नाव असतं किंवा नसतं, ते. कॉलेजची पोरं आणि गावातली माणसं मिळून एखादी गोष्ट शोधून काढतात, मग ती गोष्ट छापली जाते. त्या छापलेल्या गोष्टीत गावातल्या माणसाचं काय होतं, एवढाच प्रश्न. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे गिटवर कोडची एक ओळ बदलली तरी कोणी बदलली, कधी बदलली हे कायमचं नोंदलं जातं. ही सवय लागलेल्या माणसाला संशोधनाचे जुने कागद बघताना पहिल्यांदा हाच रकाना शोधावासा वाटतो.

सुरुवात एका खुनापासून करू. २१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर. अनंत कान्हेरे या तरुणाने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. शाळेत आपण हे एवढंच शिकतो. या जॅक्सनची दुसरी ओळख अशी की तो संस्कृत जाणणारा माणूस होता आणि त्याला लोककथा, जत्रा, भुताखेतांच्या समजुती, ग्रामदैवतं यांचा नाद होता. त्याने मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवली होती. तुमच्या गावात पाऊस पडावा म्हणून काय करतात, कोणत्या झाडाला पूजतात, साथ आली की काय करतात, असले प्रश्न. मास्तरांनी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून उत्तरं लिहून पाठवली. जॅक्सनच्या मृत्यूनंतर एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने हा कागदांचा ढीग हाती घेतला आणि १९१४-१५ च्या सुमारास गुजरात आणि कोकण असे दोन खंड छापले.

आता कोकणचा खंड उघडा. पानांच्या तळाशी टिपा दिसतील, आणि त्यांचं स्वरूप असं की ‘शाळामास्तर, अमुक गाव’. गावाचं नाव आहे, हुद्दा आहे, मास्तरचं नाव नाही. मास्तरने ज्या म्हातारीला विचारलं तिचा तर प्रश्नच नाही. मला यात एकाच वेळी दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे माहिती कुठून आली हे लिहायला हवं, एवढी शिस्त त्या काळीही होती. आणि दुसरी म्हणजे ती शिस्त माणसापर्यंत पोचायच्या एक पाऊल आधी थांबली. कव्हरवर साहेब, तळाशी मास्तरची खुर्ची, आणि त्याखाली कोरा कागद.

आपल्याकडे, म्हणजे परभणी-पालमकडे, ही प्रश्नावली आलीच नाही. आपण निजामाच्या राज्यात होतो, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. तेव्हा या पुस्तकात आपण नाही. वाईट वाटून घ्यायचं की बरं, ते तुम्ही ठरवा.

पुढे काम आपल्या माणसांच्या हाती आलं. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या, ‘स्त्री जीवन’ हे पुस्तक १९४० चं. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून पुस्तकांची रांगच लावली. या लोकांनी केलं नसतं तर कितीतरी गोष्टी मातीत गेल्या असत्या, यात वाद नाही. पण ‘लोकसाहित्य’ या शब्दातच एक सोय दडलेली आहे. लोकांचं म्हणजे सगळ्यांचं, सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. कुणाचंच नाही म्हटल्यावर संकलन करणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात आलं तर कोणी तक्रार करायची?

याला उलटं उदाहरण आपल्या अगदी शेजारी आहे. पालमहून नांदेडकडे न जाता उलटं गेलं की गंगाखेड. जनाबाईचं गाव. तेराव्या-चौदाव्या शतकातली बाई, नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी. अभंगात शेवटी स्वतःचं नाव घालायची पद्धत होती, तिनेही घातलं, आणि सातशे वर्षं ते नाव टिकलं. छापखाना नाही, कॉपीराइट नाही, तरी श्रेय गाण्याच्या आतच शिवून टाकलेलं. गाणं जाईल तिथे नाव जाईल. फाइल कुणीही कुठेही कॉपी करा, मेटाडेटा फाइलच्या पोटातच. जात्यावरच्या ओवीत मात्र अशी नाममुद्रा सहसा नसते. ती दोन-तीन ओळींत संपते, आणि पहाटे जातं ओढताना एकीने म्हटलेली दुसरी उचलते.

म्हणूनच १९८० च्या दशकात पुण्याच्या बाजूला जे सुरू झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ अशी ती दोन माणसं. गी हे मूळचे फ्रान्सचे, १९७२ मध्ये भारतात आले आणि २००४ मध्ये वारले तोपर्यंत इथलेच होऊन राहिले. हेमाताई २०१० मध्ये गेल्या. दोघांनी पुण्यात समाजविज्ञानातल्या सहयोगी संशोधनासाठी एक केंद्र काढलं. नावातच ‘सहयोगी’ आहे, आणि नाव कुठलं तरी ठेवायचं म्हणून ठेवलेलं नव्हतं. मुळशी आणि आसपासच्या डोंगराळ भागात गरीब डोंगरी संघटना नावाची संघटना होती. तिचे कार्यकर्ते आणि कार्यकर्त्या गावोगाव फिरत. गावातल्या बायकांशी बोलायचं कसं, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. भाषण केलं की बायका गप्प. पण जात्यावरचं गाणं म्हणा म्हटलं की थांबायलाच तयार नाहीत. आईबापांनी दूर कुठे दिलं ते, सासूचा जाच, नवऱ्याचा मार, भावाची वाट, पोरगं होणं आणि न होणं, पंढरीची वाट, सीता, सगळं त्यात. बैठकीत जे बोलता येत नव्हतं ते ओवीत शतकानुशतकं बोललं जात होतंच.

मग ओव्या लिहून घ्यायला सुरुवात झाली. लिहून घेणारे बहुतेक त्याच भागातले कार्यकर्ते. काही गाणाऱ्याच कार्यकर्त्या होत्या. मुळशी तालुक्यातल्या नांदगावच्या कुसुम सोनवणे, कोळवड्याच्या ताराबाई उभे, या बायका गाणाऱ्याही आणि संघटनेच्याही. विद्यापीठातला माणूस प्रश्न विचारतो आणि गावातली बाई उत्तर देते, हा नेहमीचा मांड इथे मोडला. ओवीचा अर्थ काय लावायचा यावरही एकत्र बसून चर्चा व्हायच्या. त्यातून पुस्तकं आली. भक्ती आणि जातं या विषयावरचं दोघांचं इंग्रजी पुस्तक १९९६ चं आहे.

१९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या कामात आले. फ्रान्सच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्रातले माजी इंजिनिअर, संगीत आणि संगणक यांच्या सांध्यावर काम करणारे. त्यांनी मजकुराचा डेटाबेस उभा केला आणि १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण झालं. एकूण ओव्या १ लाख १० हजारांच्या वर, गावं १,००० हून जास्त. आज आपण हे आकडे ऐकून फार दचकत नाही, एका रीलला याहून जास्त लाइक येतात. पण हे हाताने लिहिलेलं आहे. एकेक ओवी, एकेका बाईसमोर बसून, आणि नंतर टाइप करून, ज्या काळात देवनागरी युनिकोड सर्रास नव्हतं त्या काळात.

आता रकान्याकडे येऊ, ज्याच्यासाठी एवढी फेरी मारली. या डेटाबेसमध्ये प्रत्येक ओवीला क्रमांक आहे. विषयाचा कोड आहे. आणि प्रत्येक ओवीशेजारी गाणारीचं नाव आहे, आणि गाव.

मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझ्यातला इंजिनिअर आधी जागा झाला. कारण यात पुनरावृत्ती प्रचंड आहे. तीच ओवी, एखादा शब्द इकडचा तिकडे, दहा गावांतल्या दहा बायकांच्या नावावर. आमच्या धंद्यात अशा वेळी पहिलं काम म्हणजे डुप्लिकेट काढून टाकणं. एक मूळ प्रत ठेवा, बाकीच्या उडवा, जागा वाचवा, सर्च स्वच्छ होतो. जुने संग्रह बऱ्याचदा हेच करत आले. उत्तम पाठ निवडायचा, तो छापायचा. संपादनाच्या दृष्टीने बरोबरही आहे. पण डुप्लिकेट काढली की नेमकं काय उडतं? ओवी उडत नाही. ओवी तर शिल्लक राहते. नऊ बायका उडतात.

इथे त्या उडवल्या नाहीत. दुसरीने म्हटलं की दुसरी नोंद. म्हणजे ओवी ही वस्तू आहे असं न मानता, ओवी म्हणणं ही कृती आहे असं मानलं. ती कृती अमक्या बाईने, अमक्या गावात केली. हा डेटाबेसच्या रचनेचा निर्णय आहे, आणि माझ्या मते हा या सगळ्या कामातला सगळ्यात मोठा वैचारिक निर्णयही आहे. आभाराचं पान नंतर जोडता येतं, काढताही येतं. कॉलम मात्र पहिल्या दिवशी ठरवावा लागतो. पहिल्या दिवशी विचारलं नाही, तर तीस वर्षांनी कोणाला विचारणार?

तीस वर्षांनी काय होतं याचा पुरावा पुढे मिळाला. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाने हा ओव्यांचा ठेवा घेतला आणि २०१७ पासून तो मालिकेसारखा प्रसिद्ध करायला सुरुवात केली. नमिता वाईकर यांनी या कामाची धुरा घेतली. जुन्या चमूतले जितेंद्र मैड, आशा ओगले, रजनी खळदकर हे सोबत. त्यांनी केलं काय, तर डेटाबेसमधली नावं आणि गावं घेऊन परत त्या गावांना गेले. वीसेक वर्षांनी. काही बायका भेटल्या, म्हाताऱ्या झालेल्या, त्यांचे फोटो काढले, पुन्हा गाऊन घेतलं. नाव-गाव नसतं तर ‘मुळशी तालुक्यातील एक वृद्ध महिला’ असं घेऊन कुठे जाणार होते?

पारीच्या पानावर ओवीखाली एक चौकट येते. गायिका, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, मुलं, व्यवसाय, कधी रेकॉर्ड केलं. मला आधी जातीचा रकाना खटकला होता. मग बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या ओव्या ऐकल्या. राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींनी १९९६ मध्ये गायलेल्या. छंद तोच, जातं तेच, पण पंढरीच्या जागी बाबासाहेब, आणि ओवीत राम-सीतेऐवजी भीम-रमाई. हे कोणत्या वस्तीतून आलं ते पुसून टाकलं तर ‘मराठी स्त्रीची ओवी’ अशा गुळगुळीत नावाखाली सगळं एकच होऊन जाईल. तेव्हा तो रकाना असू दे.

आणि आता आपल्या जिल्ह्यातलं. पालमहून उत्तरेला गोदावरी ओलांडली की पूर्णा तालुक्यात ताडकळस लागतं. आठवडी बाजाराला, लग्नाला, सोयरिकीला आपण तिथे जातोच. या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या या संग्रहात आहेत. १९९० च्या दशकातलं रेकॉर्डिंग. पारीने त्यांच्यावर स्वतंत्रपणे लिहिलंय, आणि एवढ्या लाखभर ओव्यांमध्ये त्यांचा आवाज लोकांना वेगळा ओळखू येतो. त्यांच्या एका ओवीत वनात टाकलेली सीता रडते आहे, आणि तिची समजूत घालायला कोणी नाही. मग तिथल्या बोरी आणि बाभळी याच बायका होऊन तिच्याजवळ येतात.

बोरी आणि बाभळी. अशोकवन नाही, चंदन नाही. आपल्या धुऱ्यावर, नदीच्या कडेला, डांबरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जी काटेरी झाडं आहेत ती. सीतेचं अरण्य ताडकळसच्या शिवारात आणून ठेवलं त्या बाईने. हे ‘पारंपरिक’ म्हणून निनावी छापलं असतं तर मी छान आहे म्हणून पुढे गेलो असतो. गाव वाचलं म्हणून थांबलो. माझी आजीसुद्धा जात्यावर गायची असं घरात सांगतात. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि घरात तिची एकही ओवी कोणाला पूर्ण येत नाही. त्यामुळे शेजारच्या तालुक्यातल्या बाईचा आवाज नाव-गावासकट मोबाइलवर ऐकायला मिळणं ही माझ्यासाठी साधी गोष्ट नाही.

आता विद्यार्थ्यांकडे येतो. कारण ओव्यांचं काम दोन-तीन ध्यास घेतलेल्या माणसांनी उभं केलं, पण आपल्या भागात गावात जाऊन माहिती गोळा करायचं काम दरवर्षी शेकड्याने मुलं-मुली करतात, आणि त्याबद्दल कोणी पॉडकास्ट करत नाही.

परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी सुरू झालं, आता त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. त्याच्या कॉलेजांमधली शेवटच्या वर्षाची मुलं ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमाखाली गावात येतात. मुली असतील तर कृषिकन्या, मुलं असतील तर कृषिदूत. पेपरात आतल्या पानावर फोटो येतो, बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक, मागे सरपंच. त्या फोटोला आपण हसतो. पण त्या मुक्कामात एक काम असं होतं की त्याला मी संशोधनच म्हणेन. सहभागी ग्रामीण मूल्यांकन. देवळासमोर किंवा शाळेच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. मुलींच्या हातात रांगोळी असते, पण नकाशा कोणाच्या डोक्यात असतो? गावातल्या माणसांच्या. ओढा पूर्वी कुठून वाहायचा, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं, पुरात पाणी कुठवर आलं होतं, कोणत्या वस्तीचा रस्ता पावसात बंद होतो. कोणीतरी बाई म्हणते, तिथे नाही, जरा खाली घ्या. आणि रांगोळी पुसून पुन्हा काढली जाते.

त्या क्षणी संशोधन झालेलं असतं. एक दुरुस्ती, एका माहितगार माणसाने केलेली. नंतर त्या नकाशाचा फोटो निघतो, अहवालात जातो, अहवालावर मुलींची नावं, मार्गदर्शक प्राध्यापकांची नावं, शेवटी ‘सर्व ग्रामस्थांचे आभार’. आणि रांगोळी दोन दिवसांत उडून जाते. ‘सर्व ग्रामस्थ’ म्हणजे १९१४ च्या तळटिपेतल्या शाळामास्तरपेक्षाही मागे. तिथे निदान खुर्चीचं नाव होतं.

मुलींचा यात दोष नाही, हे आधी सांगतो. अहवालाचा नमुना ठरलेला असतो आणि गुण त्यावर असतात. शिवाय त्यांचं स्वतःचं श्रेयही धड मिळत नाही. चार महिने गावात राहून, खोली भाड्याने घेऊन, उन्हात फिरून जी माहिती गोळा होते ती पुढे कुणाच्या कामाला आली तर ‘विद्यार्थ्यांनी केलेली पाहणी’ एवढाच उल्लेख. विद्यार्थी आणि गावकरी, दोघंही तळटिपेतच.

जगात यावर नियम आहेत, पण त्यांचीही गंमत आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. तिच्या नियमानुसार लेखक म्हणवून घ्यायला चार अटी पुऱ्या कराव्या लागतात: कामात भरीव वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि सगळ्याची जबाबदारी. चारही हव्यात. पहिली अट आपली नकाशावाली बाई सहज पूर्ण करेल. दुसरी आणि तिसरी कशी करणार, मसुदा इंग्रजीत असताना? फुकटात नाव लावणाऱ्या साहेबांना रोखायला केलेला नियम, पण त्याच चाळणीत तीही अडकते. दुसरी एक पद्धत गेल्या दहा वर्षांत रुळली आहे, तिच्यात कामाच्या १४ भूमिका दिल्या आहेत. कल्पना कोणाची, माहिती कोणी गोळा केली, ती नीट कोणी लावली, लिहिलं कोणी, असं वेगवेगळं सांगायचं. आमच्या गिटच्या जवळ जाणारं आहे हे. कोण मोठा असं विचारत नाही, कोणी काय केलं असं विचारतं.

आपल्या कायद्यातही एक गोष्ट आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराच्या सादरीकरणाला हक्क मिळाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३८ ब आलं. त्यानुसार सादर करणाऱ्याला ‘हे मी सादर केलं’ अशी आपली ओळख लावून घ्यायचा हक्क आहे. गाणं कोणी रचलं हे माहीत नसलं तरी गाणारीचा हक्क गाणारीकडे. आणि सादर करणारा कोण याची व्याख्या बघा, त्यात गायक, नर्तक, कसरती करणारे, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा आहेत. जातं ओढत गाणारी बाई त्यात सहज बसते. म्हणजे हेमाताईंच्या चमूने जे आपल्या समजुतीने केलं होतं, त्याच्या जवळपास कायदा वीस-पंचवीस वर्षांनी पोचला.

इथे कोणीतरी म्हणेल, आणि भाग ऐकून एकाने मेसेजही केला, की नाव लावणं नेहमीच चांगलं कसं? सासूच्या जाचाची ओवी, खाली नाव आणि गाव. सासरच्यांनी वाचली तर? प्रश्न अगदी खरा आहे. आरोग्याच्या पाहणीत, हिंसेच्या पाहणीत नाव लपवणं हाच नियम आहे आणि तो हवाच. ओवीला एक आडोसा असतो, ती परंपरेची म्हणून म्हणता येते, माझीच कथा आहे असं कबूल करावं लागत नाही. पण सगळ्याच माहितीला असा आडोसा नसतो. माझं म्हणणं एवढंच की नाव लपवायचं की लावायचं हे तिला विचारून ठरावं. आत्ता होतं असं की नाव लपवलं जात नाही, ते विचारलंच जात नाही. या दोन गोष्टी अहवालात सारख्या दिसतात, पण एक नाही.

मुंबईत ‘पुकार’ नावाची संस्था आहे, तिने दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. अर्जुन अप्पादुराई यांच्या पुढाकाराने सुरू झालेली. त्यांचा २००६ चा एक निबंध संशोधनाच्या हक्काबद्दल आहे. संशोधन म्हणजे पीएचडीवाल्यांचीच गोष्ट नाही, आपल्याला जे माहीत नाही ते पद्धतशीर शोधता येणं हा साध्या माणसाचाही हक्क आहे, असा त्यातला सूर. पुकारच्या युवा फेलोशिपमध्ये वस्त्यांमधली, कॉलेजमधली मुलं-मुली गट करून वर्षभर स्वतःच्याच परिसरातला एक प्रश्न घेऊन अभ्यास करतात. अशा संशोधकांना तिथे अनवाणी संशोधक म्हणतात. यात ‘विद्यार्थी’ आणि ‘गावकरी’ ही दोन माणसंच राहत नाहीत. एकच मुलगी सकाळी पाण्याच्या रांगेत आणि दुपारी पाण्याच्या रांगेची नोंद करणारी.

पालममध्येही अशी मुलं आहेत. नांदेडला, परभणीला शिकायला एसटीने जाणारी आणि संध्याकाळी घरी परत येणारी. त्यांना नकाशा काढायला बाहेरून यायची गरज नाही, ओढा कुठून वाहायचा हे त्यांच्या घरातच कोणाला तरी माहीत आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, तिची शिबिरं आपल्याकडेही होतात, आणि सात दिवस गावात राहणाऱ्या मुलांच्या हातात आता प्रत्येकी एक रेकॉर्डर असतो, मोबाइल नावाचा.

काहीजणांनी विचारलं होतं की आम्हाला असं करायचं तर सुरू कसं करायचं. अॅप बनवू नका, एवढं आधी सांगतो. मी रोज तेच करतो, म्हणून सांगतोय. एक साधी एक्सेल शीट पुरे. रेकॉर्डिंग सुरू केल्याबरोबर पहिल्या दहा सेकंदांत बोलणाऱ्या माणसालाच स्वतःचं नाव, गाव आणि तारीख सांगू द्या, म्हणजे फाइलचं नाव बदललं, फोन हरवला, व्हॉट्सअॅपवर चार जणांकडून फिरून आली तरी नाव आवाजातच राहील. जनाबाईचीच पद्धत. त्या आधी विचारा, नाव लावू का. नको म्हटलं तर शीटमध्ये ‘नको म्हणाल्या’ असं लिहा, रकाना कोरा सोडू नका. रेकॉर्ड करणाऱ्याचं नाव वेगळ्या कॉलममध्ये, लिहून काढणाऱ्याचं वेगळ्या. आणि एक प्रत गावात ठेवा, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत, कागदावर छापून. पेन ड्राइव्ह देऊ नका, तो दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी लग्नाच्या गाण्यांनी भरलेला असतो.

रांगोळीच्या नकाशाचंही तसंच. फोटो काढताना नकाशासोबत तो दुरुस्त करणारी माणसंही चौकटीत घ्या, त्यांना विचारून, आणि फोटोखाली डावीकडून उजवीकडे नावं लिहा. लग्नाच्या पत्रिकेत आपण चुलत्या-मावळ्यांची पन्नास नावं बसवतो. अहवालात सात-आठ बसायला हरकत नसावी.

गंगूबाई अंबोरे यांच्या ओव्या ऐकायच्या असतील तर पारीच्या साइटवर त्यांचं नाव मराठीत टाइप करा आणि ताडकळस लिहा. पान मराठीतही वाचायला मिळतं. हेडफोन लावून ऐका, आणि ओवी संपल्यावर खालची चौकट सुद्धा वाचा.